सेलचा कप्पा कसा असावा? रिमोट, गीझर, बीपी मशीन, टॉर्च (नागपूरकरांचा धागा)

झाकणशोध्या · रविवार, सकाळी १०.१५

आधी शब्दांचा घोळ मिटवतो. आपल्याकडे टॉर्चलाच 'बॅटरी' म्हणतात आणि बॅटरीत 'सेल' घालतात. तेव्हा या धाग्यात सेल म्हणजे पेन्सिल सेल (एए), बारीक पेन्सिल सेल (एएए), मोठा सेल (डी) आणि बटण सेल. विषय आहे ते ज्यात बसतात त्या कप्प्याचा.

वस्तू घेताना आपण किंमत बघतो, वॉरंटी बघतो, रंगसुद्धा बघतो. मागचं झाकण दुकानात कोणी उघडत नाही. घरी आल्यावर दर काही महिन्यांनी हात लावायचा असतो तो मात्र नेमका त्यालाच. बीपीचं मशीन ज्या आजींसाठी घेतलं त्यांना झाकण उघडता येत नसेल, तर मशीन दुसऱ्या कोणाच्या तरी सवडीवर चालणार.

माझी कसोटी एकच: डोळे मिटून सेल बदलता आले पाहिजेत. टॉर्चचे सेल संपल्याचं कळतं तेच मुळी वीज गेल्यावर. दुकानदाराकडून दोन सेल मागून घ्या आणि करून बघा. झाकण एका अंगठ्याने उघडतं का? उघडल्यावर हातात राहतं की निसटून कपाटाखाली जातं? सेलचं तोंड कुठे करायचं ते बोटाला कळतं का? आणि बसलेला सेल नख न मोडता बाहेर येतो का? शेवटच्या दोन प्रश्नांत बऱ्याच महागड्या वस्तूही नापास होतात.

चांगले-वाईट नमुने, मापं, दुरुस्ती, सगळं येऊ द्या. फक्त 'आमच्याकडे एकदा काय झालं' छापाचे किस्से नकोत. काय होतं आणि कशामुळे होतं, एवढंच लिहा.

मिलिमीटर · रविवार, सकाळी ११.०२

मापांपासून सुरुवात करू, कारण निम्मे घोळ मापातच असतात.

एए सेल जास्तीत जास्त १४.५ मिमी जाड आणि ५०.५ मिमी लांब. एएए १०.५ आणि ४४.५. डी ३४.२ आणि ६१.५. ही वरची मर्यादा झाली. प्रत्यक्षात एए किंवा एएए एखादा मिलिमीटर बारीक आणि आखूड असला तरी तो नियमातच असतो. म्हणजे कप्प्याने सर्वांत जाड सेल अडकू द्यायचा नाही आणि सर्वांत आखूड सेल सैल पडू द्यायचा नाही. ही तफावत स्प्रिंग सांभाळते. स्प्रिंगऐवजी नुसती वाकवलेली पत्र्याची पट्टी असेल, तर वर्षभरात ती आडवी होते आणि मग रिमोट तळहातावर आपटण्याचा विधी सुरू होतो.

थ्रीडी प्रिंटरवर कप्पा काढणार असाल तर एएसाठी आतली रुंदी १५ मिमी ठेवा. १४.५ ठेवली तर रिचार्जेबल सेल हमखास अडकतो, कारण त्यातले बरेच वरच्या मर्यादेला टेकलेले असतात. बाजूच्या भिंती सेलच्या अर्ध्या उंचीपेक्षा, म्हणजे ७ मिमीपेक्षा, खाली ठेवा. भिंत अर्ध्याच्या वर गेली की सेलचा फुगीर भाग आत राहतो आणि बोटांना पकडायला काही उरत नाही. भिंत उंच ठेवणं भागच असेल तर मध्यभागी बोटाचं टोक जाईल एवढी, १५ ते २० मिमी रुंद, खाच द्या.

सोल्डर_बर्डी · रविवार, दुपारी १२.४०

तेवढी खाच द्यायला कंपनीले एक पैसा जास्त लागत नाही. साचा एकदाच बनते. तरी काहून देत नाहीत, देव जाणे.

फीत असलेले कप्पे पाहा. साधी कापडी फीत, एक टोक कप्प्याच्या भिंतीले पक्कं. सेल तिच्यावर ठेवायचा, दुसरं टोक वर घ्यायचं. ओढलं की सेल उडी मारून बाहेर. पण लोक सेल टाकतात आणि फीत खालीच दबून राहते, मग उपयोग काय? फीत नवीन लावायची असेल तर सुटं टोक सेलच्या वर दीड सेंटीमीटर येऊ द्या. जास्त लांब ठेवली तर झाकणात सापडते आणि झाकण नीट बसत नाही.

दुसरी गोष्ट. स्क्रू ड्रायव्हर घालून सेल उचकटू नका. अल्कलाइन सेलचा पूर्ण डबा प्लस असते, वर फक्त पातळ वेष्टन. ते खरवडलं आणि ड्रायव्हर मायनसच्या स्प्रिंगले टेकला की झाला शॉर्ट. आइस्क्रीमची काडी घ्या.

नंदनवन_२ · रविवार, दुपारी १.०५

डबा प्लस? आमच्या पिढीला तर शाळेत जस्ताचं भांडं म्हणजे ऋण टोक असं शिकवलं होतं.

मिलिमीटर · रविवार, दुपारी १.३०

दोन्ही बरोबर. शाळेतला सेल झिंक-कार्बन: बाहेर जस्ताचं भांडं, ते ऋण, मध्ये कार्बनची कांडी, ती धन. अल्कलाइन सेलची रचना आतून बाहेर उलटवलेली असते. जस्ताची पूड मध्यभागी आणि पोलादी डबा धन. वेष्टनावर आर ६ छापलं असेल तर झिंक-कार्बन, एलआर ६ असेल तर अल्कलाइन.

याचा कप्प्याशी थेट संबंध आहे. सेल घालायची योग्य पद्धत अशी: आधी सपाट बाजू स्प्रिंगवर टेकवा, स्प्रिंग दाबा, मग टोपीची (प्लसकडच्या उठावाची) बाजू खाली सोडा. उलट्या क्रमाने, म्हणजे टोपी आधी बसवून सपाट बाजू स्प्रिंगवर घासत खाली दाबली, तर स्प्रिंगचं तारेचं टोक वेष्टनाच्या कडेत घुसतं. अल्कलाइन सेलमध्ये त्या कडेला लागूनच धन डबा असतो. स्प्रिंग मायनसला आणि डब्याला एकाच वेळी टेकली की सेल आतल्या आत शॉर्ट. सेल गरम होतो, गळतो, क्वचित फुटतो. चांगल्या कप्प्यात स्प्रिंगचा शेवटचा वेढा आत वळवलेला असतो, किंवा स्प्रिंग शंकूसारखी असून तिचं निमुळतं टोक सेलच्या मध्यावर टेकतं. खरेदी करताना स्प्रिंगचं टोक बाहेर आलंय का एवढं बघाच.

स्पर्शरेषा · रविवार, सायंकाळी ५.२०

दृष्टिहीन आणि मंददृष्टी वापरणाऱ्यांच्या बाजूने काही मुद्दे.

काळ्या प्लास्टिकवर काळेच उठावाचे प्लस-मायनस ही सर्वांत सामान्य आणि सर्वांत निरुपयोगी खूण. मंददृष्टी माणसाला दिसत नाही, आणि ती दोन मिलिमीटरची असल्याने बोटालाही लागत नाही. बोटाला कळते ती स्प्रिंग. 'सपाट बाजू स्प्रिंगकडे' हा एक नियम शिकवला की लांबट सेलच्या जवळजवळ सगळ्या वस्तू बिनखुणेच्या चालतात. गडबड होते ती दोन्ही टोकांना स्प्रिंग असलेल्या कप्प्यांत. तिथे प्लसच्या बाजूला नेलपॉलिशचा जाड ठिपका द्या, वाळला की बोटाला लागतो.

मोठा त्रास आहे उलट-सुलट मांडणीचा. चार सेलचं बीपी मशीन घ्या: पहिला सेल वर तोंड, दुसरा खाली, तिसरा वर, चौथा खाली. चारही सेल एकाच दिशेने बसतात असा कप्पा असेल तर शिकवायला एक वाक्य पुरतं. उत्पादक तसं का करत नाहीत?

मिलिमीटर · रविवार, सायंकाळी ६.१०

पत्र्यासाठी. उलट-सुलट मांडणीत शेजारच्या दोन सेलना जोडायला एकच छोटी पट्टी लागते, एका टोकाला स्प्रिंग आणि दुसऱ्या टोकाला फुगवटा. सगळे सेल एका दिशेने ठेवले तर प्रत्येक सेलच्या मायनसपासून पुढच्याच्या प्लसपर्यंत कप्प्याच्या खालून पूर्ण लांबीची पट्टी न्यावी लागते. चार सेलना अशा तीन पट्ट्या, वर त्या एकमेकींना टेकू नयेत म्हणून वेगळ्या खाचा. खर्च थोडाच वाढतो, पण वाढतो.

झाकणशोध्या · रविवार, सायंकाळी ६.३५

आणि एक सेल उलटा गेला तर? बीपी मशीनमध्ये 'तीन तरी बरोबर आहेत ना' म्हणून तसंच चालवणारे लोक आहेत.

मिलिमीटर · रविवार, रात्री ८.००

चार सेल सरळ असले तर ६ व्होल्ट. एक उलटा झाला की लोकांना वाटतं ४.५ मिळतील. मिळतात ३, कारण उलटा सेल स्वतःचे दीड तर देत नाहीच, वर दुसऱ्याचे दीड खातो. वस्तू अर्धवट चालते, दिवा मंद लागतो, आणि तोवर तीन सेल मिळून चौथ्याला चार्ज करत असतात. साध्या सेलला चार्ज करणं म्हणजे आत वायू तयार करणं. दाब वाढला की झडप उघडते आणि क्षार बाहेर येतो. दोन सेलच्या रिमोटमध्ये एक उलटा असला तर बेरीज शून्य, म्हणून तिथे नुसतं चालत नाही, बिघडत काही नाही. धोका तीन किंवा जास्त सेलच्या कप्प्यात.

हे टाळायचे तीन उपाय.

पहिला साधा प्लास्टिकचा. एए सेलची टोपी किमान १ मिमी वर आलेली आणि जास्तीत जास्त ५.५ मिमी रुंद असते. प्लसच्या पत्र्यासमोर सुमारे ६ मिमी अंतरावर दोन कडा उभ्या करा, उंची अर्धा ते पाऊण मिलिमीटर. टोपी कडांच्या मधून आत जाऊन पत्र्याला टेकते. सेल उलटा घातला तर त्याची सपाट बाजू कडांवरच अडते, विजेचा संबंधच येत नाही. फुकटात संरक्षण. यात कडा जरा जास्त उंच झाली किंवा एखाद्या रिचार्जेबल सेलची टोपी बसकी निघाली, तर सरळ घातलेला सेलही टेकत नाही. 'नवीन सेल टाकले तरी बंद' अशा तक्रारींत हे कारण आधी तपासा.

दुसरा सर्किटचा. डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावला तर सेल उलटे असताना वीज जात नाही, पण सरळ असताना शॉट्की जातीचा, कमी घट करणारा डायोडही ०.३ व्होल्टच्या आसपास खातो. दोन सेलच्या ३ व्होल्टमधून तेवढे गेले तर सेल लवकर संपल्यासारखे वाटतात. त्याऐवजी पी-चॅनल मॉस्फेट (विजेने चालणारा स्विच) लावला तर घट नगण्य. मात्र दोन्हीही एकूण दिशा उलटी झाल्यावरच वाचवतात. चारातला एक उलटा असेल तर सर्किटला ते कळत नाही.

तिसरा सर्वांत गमतीदार: सेल कसाही घाला, चालतो. मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये 'इन्स्टालोड' नावाने ही रचना जाहीर केली. दोन्ही टोकांना दोन-दोन संपर्क. मध्यभागी थोडा आत दबलेला प्लसचा, त्याच्याभोवती पुढे आलेला मायनसचा. टोपी आली तर आतल्याला टेकते, सपाट बाजू आली तर फक्त बाहेरच्याला. सर्किट काही नाही, निव्वळ आकाराचा खेळ. तरी ही रचना घरोघरी पोचली नाही. संपर्क दुप्पट, त्यांचा पत्रा गुंतागुंतीचा, आणि टोपीच्या उंचीवर सगळी भिस्त.

सोल्डर_बर्डी · रविवार, रात्री ९.१५

त्या कडावाल्या कप्प्यात लोक चांदीचा कागद कोंबून राहिले, बाप्पा! मग सेल उलटा गेला तरी टेकते. फुकटचं संरक्षण फुकटात घालवलं. पट्टी सैल झाली असेल तर कागदाची घडी पट्टीच्या मागे घाला, म्हणजे पट्टी पुढे येते. पट्टी आणि सेलच्या मध्ये काहीच नको.

खामला_नाका · सोमवार, सकाळी ८.५०

गॅस गीझरच्या कप्प्याबद्दल कोणी बोलेल का? दोन मोठे सेल, डबी गीझरच्या बुडाला, झाकण खाली उघडणारं.

सोल्डर_बर्डी · सोमवार, सकाळी १०.३०

सगळ्यात वाईट कप्पा तोच. कारणं ऐका.

एक तर झाकण खाली उघडते. झिंक-कार्बनचा एक मोठा सेल १०० ग्रॅमच्या जवळपास, अल्कलाइन त्याहून जड. दोन सेलचं वजन आणि वरून स्प्रिंगचा जोर, सगळं त्या झाकणाच्या एका प्लास्टिकच्या जिभेवर. बाथरूमच्या वाफेत आणि बर्नरच्या उष्णतेत प्लास्टिक ठिसूळ होते, जीभ तुटते. दुसरं, वाफ. स्प्रिंग निकेलचा मुलामा दिलेल्या लोखंडाची. मुलामा उडाला की गंज, आणि गंज वीज अडवते.

सेल मंदावले की टकटक आवाज हळू येते, किंवा ज्योत पेटते आणि लगेच विझते, कारण गॅसचा झडप उघडा धरायलेही याच सेलची वीज लागते. मेकॅनिक बोलवायच्या आधी एवढं करा:

गॅसची कळ बंद, पाण्याचा नळ बंद. एक हात झाकणाखाली ओंजळीसारखा धरा, मगच उघडा. स्प्रिंग आणि पट्टी ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासा, कोरड्या कपड्याने पुसा. कापसाच्या काडीवर व्हॅसलीन घेऊन अगदी पातळ हात फिरवा. थापू नका. टेकण्याच्या जागेवरचं व्हॅसलीन दाबाने बाजूले होते, बाकी जागेवर राहून वाफ अडवते. सेल दोन्ही एकाच वेळी बदला, एकाच जातीचे. जीभ तुटली असेल तर सुतळी नाही, नायलॉनचा केबल टाय लावा. सुतळी ओली राहते.

ज्योत तरी विझत असेल तर ते काम सेलचं नाही. गॅसवाल्या माणसालेच बोलवा.

झाकणशोध्या · सोमवार, सकाळी ११.१०

यात नागपूरचा एक हिशेब जोडतो. इथे गीझर होळीला बंद होतो आणि दिवाळीनंतर सुरू होतो. मधले सात-आठ महिने सेल आतच. त्यातच मे महिना, पारा ४५ च्या पुढे. उष्णतेने सेलच्या आतली रासायनिक क्रिया वाढते. सेल आपोआप उतरतो आणि गळण्याची शक्यताही वाढते. म्हणून कूलरला खस लावायचा दिवस तोच गीझरचे सेल काढायचा दिवस. एसीच्या रिमोटचं उलट: दिवाळीला सेल बाहेर. गाडीच्या डॅशबोर्डवर टॉर्च ठेवू नका. जादाचे सेल फ्रिजमध्येही नकोत, बाहेर काढल्यावर त्यांच्यावर दव धरतं. भिंतीतल्या कपाटाचा खालचा खण सर्वांत बरा.

अंबाझरी_रोड · सोमवार, दुपारी २.२५

सेल गळलाच तर काय? पांढरी बुरशी आलेला रिमोट फेकायचा का?

फ्लक्स · सोमवार, दुपारी ३.४०

बुरशी नाही ती. अल्कलाइन सेलमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइड झिरपतं, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन पोटॅशियम कार्बोनेटचे पांढरे खडे बनतात. हा अल्क, म्हणून उतारा आम्लाचा.

हातमोजे आणि चष्मा घाला. सेल काढा. सुकी पूड जुन्या टूथब्रशने कागदावर झाडा, तोंडाने फुंकू नका. कापसाची काडी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून, पिळून, पट्टीवर टेकवा. फसफस झाली म्हणजे काम चालू आहे. फसफस थांबेपर्यंत नव्या काड्या. मग साध्या पाण्याची ओलसर काडी, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. पंख्याखाली दोन-तीन तास. व्हिनेगर नसेल तर लिंबू चालतं. नागपुरात आहोत म्हणून कोणी संत्र्याचा रस वापरू नका, साखर चिकटते आणि मुंग्या येतात.

झिंक-कार्बन सेलचं उलट. त्यातला द्राव आम्लधर्मी, म्हणून खायच्या सोड्याचं पातळ मिश्रण. गळायचं कारणही वेगळं. तिथे जस्ताचं भांडं हेच इंधन आहे. सेल वापरता वापरता भांडं आतून झिजतं आणि संपल्यावरही आत राहिला तर भोक पडतं. संपलेला झिंक-कार्बन सेल कप्प्यात विसरणं म्हणजे गळतीला आमंत्रण.

इतकं करूनही वस्तू चालली नाही तर पट्टीला जोडलेली तार बघा. क्षार तारेच्या आवरणाखालून आत चढत जातो आणि तांबं काळं पडतं. काळ्या तांब्याला सोल्डरचा टाका धरत नाही. चकचकीत तांबं दिसेपर्यंत तार मागे कापा.

सोल्डर_बर्डी · सोमवार, सायंकाळी ४.१५

पट्टीच खाऊन गेली असेल तर नवीन मिळते. एएची, एएएची, एकेरी स्प्रिंग, एकेरी बटण, आणि दोन्ही एकत्र असलेली जोडपट्टी. बर्डीतल्या (सीताबर्डीच्या बाजारातल्या) इलेक्ट्रॉनिक्स सामानाच्या दुकानात जुनी पट्टी घेऊन जा, मापाचा वाद राहत नाही. टाका लावताना पट्टी आधी खाचेतून बाहेर काढा. आत ठेवून सोल्डरची इस्त्री टेकवली तर पाच सेकंदांत प्लास्टिक वितळते आणि खाच बिघडते. पट्टीचा मुलामा कानशीने जरा खरवडा, फ्लक्स (टाका धरायला मदत करणारा लेप) लावा, आधी पट्टीवर कथील चढवा, मग तार. गार झाल्यावर आत सरकवा.

रेशीमबाग_४ · सोमवार, रात्री ८.३०

रिमोटचे सेल मीटरवर १.४ दाखवतात तरी रिमोट मेलेला. नवीन टाकले की चालतो. मीटर खोटं बोलतं का?

मिलिमीटर · सोमवार, रात्री ९.०५

मीटर खरं बोलतं, प्रश्न चुकीचा विचारला जातो. मीटर सेलकडून जवळजवळ काहीच वीज मागत नाही. रिमोटचा इन्फ्रारेड दिवा क्षणभरासाठी बरीच मागतो. उतरलेल्या सेलचा आतला रोध वाढलेला असतो, त्यामुळे ओझं पडताच व्होल्ट कोसळतात. सेलच्या दोन टोकांना १० ओहमचा रेझिस्टर दोन-तीन सेकंद लावा आणि तेव्हा मीटर बघा. १.३ च्या वर राहिला तर सेल ठणठणीत. १.१ च्या खाली गेला तर रिमोटमधून काढा आणि भिंतीवरच्या घड्याळात घालून बघा. घड्याळाला फार थोडी वीज लागते, तिथे तो अजून काही दिवस काढू शकतो. फक्त गळायच्या आत काढा.

गंजलेला संपर्कही हेच नाटक करतो. दोन सेलच्या रिमोटमध्ये टेकण्याच्या चार जागा. प्रत्येक जागी अर्धा ओहम वाढला तर एकूण २ ओहम, आणि २०० मिलिअँपिअरला ०.४ व्होल्ट तिथेच गेले. म्हणून नवे सेल टाकायच्या आधी जुनेच जागेवर गोल फिरवून बघतात ना, तो तोडगा शास्त्रशुद्ध आहे: घासून संपर्क साफ होतो. दिवा लागतो का ते मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात बघा, बटण दाबल्यावर जांभळट चमक दिसते. मागच्या कॅमेऱ्यात बऱ्याचदा इन्फ्रारेड गाळणी असते, त्यात दिसेलच असं नाही.

स्पर्शरेषा · मंगळवार, सकाळी ९.४५

बटण सेलचा कप्पा अजून आलाच नाही. इथे दोन गरजा एकमेकींच्या उरावर बसतात. म्हाताऱ्या हातांना झाकण सोपं हवं, लहान हातांना अशक्य हवं.

सीआर २०३२ म्हणजे २० मिमी व्यास, ३.२ मिमी जाडी, ३ व्होल्ट. लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकायला हे माप नेमकं पुरतं. अडकल्यावर ओल्या भिंतीतून वीज वाहते, मायनसच्या बाजूला अल्क तयार होतो, आणि दोन तासांत गंभीर जखम होऊ शकते. वजनकाट्यातून 'संपला' म्हणून काढलेल्या सेलमध्येही त्यासाठी पुरेशी वीज असते. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करायला लावू नका, त्रास दिसायची वाट पाहू नका. तडक मेडिकल, मेयो (नागपूरची दोन मोठी सरकारी रुग्णालयं) किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात एक्स-रे. एक्स-रेत नाणं आणि सेल सारखे दिसू शकतात. सेलच्या कडेला दुहेरी वलय दिसतं.

म्हणून अशा कप्प्यांच्या सुरक्षेचा नियम साधारण असा आहे: एक तर अवजार लागलं पाहिजे, नाही तर एकाच वेळी दोन वेगळ्या हालचाली. अमेरिकेत २०२२ मध्ये यासाठी रीसेज लॉ नावाचा कायदाच झाला. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, तेव्हा बिनचिन्हाचं दिव्याचं खेळणं घेऊच नका. रिमोट, वजनकाटा, एलईडी मेणबत्ती ही खेळणी नाहीत, पण मुलांच्या हाती तीच लागतात. त्यांचं झाकण स्क्रूचंच बघून घ्या.

झाकणशोध्या · मंगळवार, सकाळी १०.२०

पण स्क्रूचं झाकण आलं की आजी अडल्या. 'दाबा आणि फिरवा' हे मधलं उत्तर वाटतं. एअरटॅगचं (वस्तू शोधायला लावायच्या ॲपलच्या चकतीचं) मागचं झाकण तसं आहे: दोन अंगठ्यांनी दाबायचं आणि घड्याळाच्या उलट फिरवायचं. सांधे दुखणाऱ्या हातांना तेही जड जातं, तेव्हा खाली रबरी चटई घेऊन तळव्याने फिरवलं तर जमतं. आणखी एक, मुलांनी थुंकावं म्हणून काही बटण सेलवर कडू लेप असतो. लेपाच्या जागी संपर्क आला तर वस्तू चालत नाही. एअरटॅगबाबत ॲपलनेच ही सूचना दिलेली आहे.

सोल्डर_बर्डी · मंगळवार, दुपारी १२.१०

स्क्रूचं झाकण खराब होते ते स्क्रूमुळे नाही, पिळणाऱ्या हातामुळे. प्लास्टिकच्या भोकात स्क्रूने आपले आटे पहिल्यांदाच पाडलेले असतात. दरवेळी नवीन जागी घुसवला तर चार वेळेत भोक गुळगुळीत. स्क्रू आधी उलटा फिरवा, हलकेच 'टक्' करून खाली बसल्यासारखा वाटेल, मग सरळ कसा. जुन्याच आट्यात जाते. भोक गेलंच असेल तर तांब्याच्या तारेचा एक बारीक धागा आत ठेवून कसा, बरेच दिवस चालते. पक्कं काम पाहिजे तर पितळेचा इन्सर्ट (आतून आटे असलेली छोटी नळी) सोल्डरच्या इस्त्रीने तापवून बसवा.

आणि स्क्रू झाकणातच अडकून राहणारा पाहिजे. ज्याचा स्क्रू सुटून हातात येते, त्याचा सोफ्याखाली गेलाच समजा. मग लोक झाकणाले सेलोटेप लावतात आणि मुलांपासूनचं संरक्षण संपलं.

फ्लक्स · मंगळवार, दुपारी १.००

काढलेल्या बटण सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून मगच डब्यात टाका. सुटे सेल एकमेकांना टेकले तर शॉर्ट होतात. घंटागाडीत ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळू नका. वापरलेले सेल हा घातक कचरा, वेगळे द्यायचे. आणि २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेले सेल परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

नंदनवन_२ · मंगळवार, दुपारी १.२०

सेल बदलता येण्याबद्दल एवढं चाललंय, पण आता निम्म्या वस्तूंत कप्पाच नसतो. ट्रिमर, इअरफोन, टॉर्चसुद्धा. आत चिकटवलेली लिथियम, संपली की वस्तू भंगारात.

मिलिमीटर · मंगळवार, दुपारी २.१५

युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक वस्तूंतली बॅटरी ग्राहकाला बाजारात मिळणाऱ्या अवजारांनी काढता-बदलता आली पाहिजे, काही अपवाद सोडून. साचे काही प्रत्येक देशासाठी वेगळे बनत नाहीत, त्यामुळे आपल्यापर्यंतही थोडाफार फरक पोचेल असा अंदाज. तोवर घेताना बघा: मागे स्क्रू दिसतात की चारही बाजूंनी चिकटवलेलं आहे.

खामला_नाका · मंगळवार, सायंकाळी ६.४०

शेवटचा प्रश्न. दोन मोठ्या सेलची ॲल्युमिनिअमची जुनी टॉर्च. सेल आत फुगून रुतलेत, मागचं झाकण उघडतं पण सेल हलत नाहीत. काही उपाय?

फ्लक्स · मंगळवार, सायंकाळी ७.२५

आधी सेल कोणता ते बघा. अल्कलाइन असेल तर कठीण, कारण गळलेला अल्क ॲल्युमिनिअमलाच खातो आणि सेल नळीशी एकजीव होतो. त्या क्रियेत हायड्रोजन निघतो, तेव्हा जवळ काडी-लायटर नको. झिंक-कार्बन असेल तर आशा आहे.

तापवू नका, सेलला ड्रिलने भोक पाडू नका. काचेकडची रिंग उघडा, बल्ब आणि रिफ्लेक्टर काढा. टॉर्च उभी धरून मागच्या बाजूने कडेला सोड्याचं कोमट पाणी सोडा, अल्कलाइनला व्हिनेगर. तासभर ठेवा. मग मागचं तोंड खाली करून, काचेच्या बाजूने लाटण्याएवढ्या जाड लाकडी दांड्याने, सेलच्या मध्यावर हळूहळू ठोका. खाली जुनं वर्तमानपत्र पसरा. दोन-तीन वेळा भिजवूनही हलले नाहीत तर टॉर्च भंगारात द्या.

खामला_नाका · मंगळवार, सायंकाळी ७.४०

काचेची रिंगही घट्ट बसलीय. फिरवायची कुठल्या बाजूला?

सोल्डर_बर्डी · मंगळवार, सायंकाळी ७.५२

काच आपल्याकडे करून डावीकडे. भांडे घासायचा रबरी हातमोजा घाला, पकड सुटत नाही. पक्कड लावू नका, रिंग चपटी होईल आणि मग फिरायचीच नाही.